सोफ्याची डावी बाजू

गल्लीत घरं अकरा आणि सोफा एक. तो कुणाचा, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. फार पूर्वी एका कचेरीनं आपलं जुनं सामान टाकून द्यायचं ठरवलं, ते टाकायचं काम गल्लीतल्या हमालाला मिळालं, आणि हमालानं सोफा टाकला तो थेट आपल्या गल्लीत आणून टाकला. "टाक म्हणाले, टाकला. कुठे टाकायचा ते कुठे सांगितलं होतं?" एवढाच त्याचा खुलासा.

तेव्हापासून सोफा घरोघर फिरत होता. ज्याच्याकडे पाहुणे, त्याच्याकडे सोफा. मुलाचे मास्तर येणार असोत, नाहीतर पैशाचा ताठा असलेली एखादी मावशी, आदल्या दिवशी चार जण मिळून सोफा त्या घरात नेऊन ठेवत, आणि त्या घराची मान दोन तास ताठ राही. नियम दोनच होते. पहिला नियम असा, की सोफा परत करताना त्यात एक तरी दुरुस्ती करून द्यायची. कुणी खिळा ठोकला, कुणी हात नवा बसवला, कुणी पाठीला कापड लावलं. इतकी वर्षं इतक्या जणांनी दुरुस्त केल्यावर मूळच्या सोफ्यातलं नेमकं काय उरलं होतं, ते सांगणं कठीण होतं.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. पाहुण्याला उजवीकडे बसवायचं. डाव्या बाजूला एक स्प्रिंग होती आणि तिला स्वतःची मतं होती. माणूस बसला की ती जरा वेळ गप्प राही, बसणाऱ्याला विश्वास वाटू देई, आणि मग एकदम वर येई. ती नीट करायची तर अख्खा सोफा उसवावा लागला असता, त्यामुळे बाकी सगळं दुरुस्त झालं तरी त्या स्प्रिंगच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. गल्लीतली पोरं बोलायला लागली की 'आई', 'बाबा' यांच्या मागोमाग 'उजवीकडे बसा' हेच शिकत.

गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर इस्त्रीवालीचं. दारातच टेबल, टेबलावर जुन्या चादरीच्या चार घड्या, बाजूला कोळशाची इस्त्री आणि मागे गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या टेबलावर तिनं लेकीला वाढवलं, शिकवलं आणि औषधाच्या दुकानात नोकरीला लावलं. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, कपडे राहत. एक होता खिशावर शाईचा डाग, एक होती पदर जाळणारी, आणि एक होता दोन शर्टवाला. या दोन शर्टवाल्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. एक म्हातारी यायची, घट्ट ओठांची, एक शर्ट ठेवायची आणि दुसरा घेऊन जायची. एक निळ्या रेघांचा, एक साय रंगाचा. दोन्ही शर्टांच्या कॉलरी झिजल्यावर उसवून उलट्या करून शिवलेल्या, आणि शिवण इतकी बारीक, की इस्त्री फिरवणाऱ्या हातालाच ती कळावी. इस्त्रीवाली त्या शर्टांवरून नेहमी जरा हलक्या हातानं इस्त्री फिरवायची.

तिचाही एक नियम होता. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही. ढिगात मखमल असो की मलमल, हात फक्त इस्त्रीपुरता. लेक लहानपणी एकदा कुणाचा तरी झगा घालून आरशासमोर उभी राहिली, तेव्हा जो धपाटा बसला होता, तो तिला अजून आठवत होता.

आता झालं असं, की सरकारनं ही गल्ली पाडायची ठरवली. पलीकडे नवी इमारत उभी राहिली होती. जो गरीब ठरेल त्याला तिथे एक खोली मिळणार, आणि जो गरीब ठरणार नाही त्यानं आपली सोय आपण बघायची. ऐकायला सोपं वाटलं. पण गरीब कोण, हे ठरवायचं कसं? गरिबाला विचारावं, तर त्यात सरकारला कमीपणा. म्हणून मोठमोठ्या लोकांनी डोकं चालवून एक खूण शोधून काढली. ज्याच्या घरात सोफा, तो गरीब नाही.

ही बातमी आली तेव्हा गल्ली आधी पोट धरून हसली आणि मग एकदम गप्प झाली. तपासणीचा साहेब सोमवारी येणार होता. रविवारी संध्याकाळी सोफा हमालाच्या ओळखीच्या गोदामात नेऊन दडवायचा, असं ठरलं.

पण रविवारी दुपारी तो लागणार होता. इस्त्रीवालीकडे.

लेकीनं आपल्याच दुकानातला एक मुलगा पसंत केला होता. मुलगा शांत, कामाचा, हसला की डोळ्यांनी हसणारा. इस्त्रीवालीला तो पहिल्या भेटीतच आवडला होता, कारण त्याच्या शर्टाची इस्त्री त्यानं स्वतः केलेली होती आणि बाह्यांची घडी चुकलेली होती. प्रश्न होता त्याच्या वडिलांचा. मायलेकी त्यांच्या घरी जाऊन आल्या तेव्हा वडील म्हणाले होते, "मी बँकेत असतो." आणि त्यांच्या पाठीमागे माशांची ही एवढी काचेची पेटी. आत केशरी रंगाचे मासे, हिरवे दिवे, पाण्यातून वर येणारे बुडबुडे. ज्यांच्या घरी मासेसुद्धा दिव्यांच्या उजेडात राहतात, त्यांच्यापुढे आपण काय मांडणार, या विचारानं इस्त्रीवालीनं परतीच्या वाटेवरच सोफा मागून ठेवायचं ठरवलं.

"आई, खरं ते सांगून टाकू या," लेक म्हणाली होती.

"खरं लग्नानंतर सांगतात," इस्त्रीवाली म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आपल्या गल्लीला मूठ झाकायची सवय आहे."

रविवारी सकाळी सोफा आला. सोफ्याबरोबर एक मामाही हवा होता, कारण मुलीच्या बाजूनं बोलणारं कुणी दिसायला पाहिजे. मामा म्हणून हमालाची निवड झाली. त्याचा आवाज भारदस्त होता आणि भूक त्याहून भारदस्त, त्यामुळे बिस्किटांच्या बोलीवर तो लगेच तयार झाला. पण त्याच्याकडे मामाला शोभेल असा शर्ट नव्हता. होता त्याच्या पाठीवर पोत्यांनी खिडक्या पाडल्या होत्या.

इस्त्रीवाली ढिगाकडे बघत राहिली. सगळ्यात वर निळ्या रेघांचा शर्ट होता, ताजी घडी केलेला.

"दोन तासांसाठी," ती स्वतःलाच म्हणाली. "परत धुऊन, परत इस्त्री करून ठेवीन. त्याला कळणारही नाही." इतक्या वर्षांचा नियम असा दोन वाक्यांत मोडला. लेकीनं आईकडे नुसतं बघितलं. तो जुना धपाटा दोघींनाही आठवला असावा.

हमालानं शर्ट चढवला. बटणं लागली, पण श्वास घ्यायला जागा उरली नाही. "मामा बेतानं बोलतील," तो म्हणाला, "आणि खाली वाकणार नाहीत."

दुपारी व्याही, विहीणबाई आणि मुलगा आले. "या, या. उजवीकडे बसा," इस्त्रीवाली, लेक आणि हमाल तिघेही एकाच वेळी म्हणाले. व्याही जरा चमकले, पण बसले. विहीणबाईंना त्यांच्या पलीकडे, मधोमध जागा मिळाली. डावी बाजू रिकामी राहिली आणि तिथे लेकीनं घाईघाईनं एक उशी मांडली.

"मामांचं काय असतं?" व्याह्यांनी विचारलं.

"वाहतूक," हमाल म्हणाला. खोटं नव्हतं. वाहतूक सगळी त्याच्या पाठीवरून होत होती, एवढंच तो बोलला नाही.

"वा! धंदा. देशाला धंदेवाल्यांची गरज आहे." व्याही मागे रेलले. ते बोलायला बसले की देशाखाली उतरत नसत. "मी तर म्हणतो, देशात गरिबी आहे ती कुणामुळे? माणसांमुळे. देशाची गरिबी म्हणजे त्या देशातल्या माणसांच्या आळसाचा पुरावा. जो हातपाय हलवतो तो कशाला गरीब राहील? आता तुमचंच बघा. बाईमाणूस एकटी, पण सोफा आहे! का? कष्ट."

"कष्ट तर आहेतच," हमाल मनापासून म्हणाला. सकाळी सोफा उचलून त्याची कंबर धरली होती.

विहीणबाई मात्र देशाकडे लक्ष न देता चहाच्या कपाकडे बघत होत्या. मुलगा लेकीकडे बघत होता. सगळं कसं छान चाललं होतं, आणि इस्त्रीवालीच्या मनात येऊन गेलं, की आता एवढी घटका निभावली की झालं. असं मनात आणू नये. मनात आलं की दारावर थाप पडते.

थाप पडली. दारात एक किडकिडीत गृहस्थ उभा होता, हातात कागदांची पिशवी आणि चेहऱ्यावर आधीच क्षमा मागितल्यासारखा भाव.

"मी तपासणीचा. उद्या येणार होतो, पण उद्या संध्याकाळी माझ्या घरी जरा अडचण आहे. म्हटलं, निदान पहिलं घर आज उरकावं, बाकीची उद्या सकाळी."

इस्त्रीवालीच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब आला म्हणून पळालं, ते वेगळंच. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर गेलीच नव्हती, सवयीनं कॉलरवर गेली होती. साय रंगाचा शर्ट. उलटी करून शिवलेली कॉलर. शिवण इतकी बारीक, की दुसऱ्या कुणाला दिसू नये.

दोन शर्टवाला दारात उभा होता, आणि त्याचा दुसरा शर्ट आत बिस्कीट खात होता.

त्यानं खोलीत पाऊल टाकलं. सोफा बघितला. मग सोफ्याशेजारी उभा राहिलेला हमाल बघितला. मग हमालाच्या अंगावरच्या निळ्या रेघा बघितल्या आणि तिथेच थांबला. इस्त्रीवालीनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं तिच्याकडे. बोलावं, तर हा शर्ट माझा, असं म्हणावं लागणार, आणि मग म्हातारी, दोन शर्ट, उलटी कॉलर, सगळं चारचौघांत उघडं पडणार. दोघांनी एकमेकांची मूठ झाकली आणि दोघांचेही कान लाल झाले.

"बसा ना, साहेब," व्याही म्हणाले आणि यजमान असल्यासारखी उशी बाजूला सारली. "इथे जागा आहे."

"नको, तिथे नको..." तीन आवाज आले, पण उशीर झाला होता. साहेब डावीकडे बसला.

त्यानं पिशवीतून कागद काढला. "हा सोफा तुमचा?"

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. हो म्हणावं तर खोली गेली. पावसाळ्यानंतर गल्ली पडणार, आणि इस्त्रीचं टेबल मग कुठल्या आभाळाखाली मांडायचं? नाही म्हणावं तर समोर व्याही बसलेले, त्याच सोफ्यावर, कष्टाचं कौतुक करून नुकतेच मागे रेललेले. लेकीचं लग्न हातातोंडाशी आलेलं. इस्त्रीवालीनं लेकीकडे बघितलं. लेक रडवेली वगैरे झाली नव्हती. ती आईकडे सरळ बघत होती आणि तिनं मान अगदी थोडी हलवली, लहानपणी आईच टेबलामागून हलवायची तशी, म्हणजे सांगून टाक.

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली. मग आवाज खाकरून पुन्हा म्हणाली, "नाही, साहेब. आमचा नाही. आम्ही गरीब आहोत."

आयुष्यात तिनं हा शब्द स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. ओढाताण आहे म्हणायची, जरा अडचण आहे म्हणायची, चाललंय म्हणायची. तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिला आश्चर्य वाटलं, की छत काही कोसळलं नाही.

"मग कुणाचा?" साहेबानं विचारलं.

दारात एव्हाना गल्ली जमली होती. कावळ्याला जशी भाकरी कळते तशी गल्लीला साहेबाची चाहूल कळली होती. पण या प्रश्नावर सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. साहजिकच होतं. जो 'माझा' म्हणेल, त्याची खोली जाणार. उद्या सकाळी हाच साहेब त्यांच्या दारात उभा राहणार होता.

इस्त्रीवालीला कुणाचा राग आला नाही.

मग हमाल पुढे झाला. "मी आणला," तो म्हणाला. "माझा धरा."

"अरे, तुझा कसा?" दारातून नळ दुरुस्त करणारा ओरडला. "त्याचा पुढचा पाय माझा आहे. पाण्याच्या पाइपचा. मोजून घ्या साहेब, माझाच आहे."

"पाठीचं कापड माझं," शिवणकाम करणारी म्हणाली. "उरलेल्या तुकड्यांचं. अडतीस तुकडे आहेत, एकही दुसऱ्यासारखा नाही."

"हाताची फळी माझी!"

"खिळे माझे. चुका पण माझ्याच आहेत, दोन वाकडे गेलेत."

"कापूस आमच्या गादीतला. तेव्हापासून आम्ही पातळ गादीवर झोपतो."

एकामागून एक माणसं आत घुसली आणि जो तो आपला तुकडा दाखवू लागला. मघाशी ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, तेच आता पाइपचा पाय आपल्याच बापाचा असल्यासारखे भांडत होते. साहेबाची लेखणी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे वळत होती. "एका वेळी एक," तो म्हणत होता, पण ऐकतो कोण?

"थांबा, दाखवतोच," हमाल म्हणाला. आपण मामा आहोत, आपल्या अंगावर कुणाचा शर्ट आहे, हे सगळं विसरून तो खाली वाकला आणि पाय दाखवायला त्यानं सोफ्याची डावी बाजू साहेबासकट उचलली.

दोन गोष्टी एकदम झाल्या. निळ्या रेघांचा शर्ट पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चर्रकन फाटला. आणि इतका वेळ गप्प बसलेली स्प्रिंग वर आली.

साहेब उभा राहिला. म्हणजे उभा राहायचं त्याच्या मनात नव्हतं, त्याला उभं करण्यात आलं. तो ओरडला नाही. फाटलेल्या पाठीकडे बघून त्यानं फक्त डोळे मिटले आणि उघडले. मग वळून सोफ्याकडे बघितलं, पाइपच्या पायाकडे, तुकड्यांच्या पाठीकडे, वाकड्या खिळ्यांकडे, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"सोफ्यात सोफा किती उरलाय?" त्यानं विचारलं.

गल्लीनं प्रामाणिकपणे विचार केला. "स्प्रिंग," हमाल शेवटी म्हणाला. "तेवढी मूळची आहे."

"मग हा सोफा नाही," साहेब म्हणाला. "ही दुरुस्ती आहे. दुरुस्तीबद्दल नियम काही म्हणत नाही." आणि त्यानं इस्त्रीवालीच्या नावापुढे खूण केली. गल्लीनं असा ओरडा केला, की टेबलावरची इस्त्री हलली.

इस्त्रीवाली ओरडली नाही. ती व्याह्यांकडे वळली. आता जे होईल ते होईल. "ऐकलंत सगळं," ती म्हणाली. "हे मामा नाहीत, शेजारी आहेत. हमाली करतात. कप शिवणकामवाल्या बाईंचे. माझी म्हणावी अशी एक इस्त्री आहे आणि एक लेक. फसवलं तुम्हाला. पण पोरीत खोट नाही."

व्याह्यांचा चेहरा देशावरून उतरून कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. मुलगा उठून लेकीच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता, पण बापाकडे बघून तोही थांबला.

"अहो," विहीणबाई कप खाली ठेवत म्हणाल्या, "मासे सांगा आता."

"कसले मासे?"

"सांगता, की मी सांगू?"

व्याह्यांनी रुमाल काढला आणि नसलेला घाम पुसला. "मासे," ते म्हणाले, "बँकेचे होते."

"आणि तुम्ही?"

"मीही बँकेचाच. म्हणजे बँकेत असतो, म्हणजे दारात असतो. रखवालदार. सुट्टीच्या दिवशी पेटी हातगाडीवर घालून आणली. बँकेच्या साहेबांना वाटलं, पाणी बदलायला नेली." त्यांचा आवाज खाली आला. "परत नेताना एक मासा गेला. तेव्हापासून मी त्यांच्या नजरेला नजर देत नाही."

"साहेबांच्या?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"माशांच्या."

आधी हसली ती लेक. मग मुलगा, मग विहीणबाई, आणि मग गल्ली हसली, ती बराच वेळ थांबलीच नाही. व्याहीही हसले, पण जरा मागून. इस्त्रीवालीला हसता हसता रडू आलं आणि तिनं ते पदरानं पुसलं नाही. इतके दिवस आपण त्या माशांना भ्यायलो, तेही बिचारे पाहुणेच होते, या विचारानं तिला उलट त्यांची कीव आली.

"आळसाचा पुरावा म्हणत होतात तुम्ही," हमाल व्याह्यांना म्हणाला. पाठ उघडी पडल्यामुळे तो भिंतीला टेकून उभा होता.

"हातगाडी स्वतः ढकलली," व्याही म्हणाले. "चढाला. पाण्यानं भरलेली. आळशी माणसाला लपवालपवी झेपत नाही, राव. तेवढं मी मागे घेतो." मग त्यांनी मुलाकडे बघितलं, मग लेकीकडे. "तारखेचं ठरवा आता. उगाच चहा गार होतोय."

लग्न ठरलं. सगळे बाहेर गेल्यावर साहेब मात्र दारात घुटमळत राहिला. इस्त्रीवाली त्याच्याजवळ गेली. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

"साहेब, तो शर्ट..."

"कुठला शर्ट?" साहेब भिंतीकडे बघत म्हणाला.

"मी शिवून देते. इतक्या वर्षांत कधी कुणाचा..."

"विरलेलं कापड आहे. शिवण धरणार नाही. तसाच द्या." मग हळूच, "आईला सांगू नका. ती रागावते." जरा वेळ तो पिशवीचा बंद पिळत राहिला. "एक विचारायचं होतं. उद्या संध्याकाळी माझे वरचे साहेब घरी चहाला येणार आहेत. बढतीचं चाललंय. घरात बसायला दोन स्टुलं आहेत, आणि एक आईचं."

इस्त्रीवालीला कळायला क्षणभर लागला. मग तिनं गल्लीत हाक मारली. "ए, थांबा रे! सोफा कुठे नेताय? गोदाम नको. साहेबांकडे न्यायचाय."

गल्लीला दुप्पट आनंद झाला. उद्या सकाळी तपासणी, आणि तपासणीपासून सोफा दडवायला तपासणीवाल्याच्या घराहून चांगली जागा जगात सापडली नसती. दहा घरं बघितली तरी साहेबाला सोफा दिसणार नव्हता, कारण तो त्याच्याच घरी असणार होता.

"नियम ठाऊक आहेत ना?" हमालानं विचारलं. "परत देताना एक दुरुस्ती. आणि तुमच्या साहेबांना..."

"उजवीकडे," साहेब म्हणाला. "ते कळलं मला."

एका टोकाला साहेब, एका टोकाला व्याही, मध्ये हमाल, असा सोफा गल्लीतून गेला. हातगाडीचा अनुभव असल्यामुळे व्याही सूचना देत होते. त्यांना थांबवावं असं कुणाला वाटलं नाही.

मंगळवारी सोफा परत आला. तोवर सगळ्या गल्लीच्या नावापुढे खुणा झाल्या होत्या. इस्त्रीवाली तेव्हा पाणी भरायला गेली होती. परत आली तर सोफा पुन्हा तिच्याच खोलीत, आणि त्यावर लेक, पाय वर घेऊन, डाव्या बाजूला बसलेली.

"अगं, उठ!"

"काही होत नाही आई. बघ ना, स्प्रिंग गेली." लेक उड्या मारून दाखवायला लागली. "साहेबांनी सोफा उसवला म्हणे पूर्ण. स्प्रिंग बांधली, वर कापडाचे थर दिले, आणि परत शिवला. शिवण बघ कसली बारीक आहे. म्हातारीनं केली असणार."

इस्त्रीवालीनं वाकून शिवणीवरून बोट फिरवलं. मग ती टेबलाशी गेली. ढिगावर साय रंगाचा शर्ट होता, धुतलेला, अजून थोडा ओलसर. त्याच्या बदल्यात न्यायला दुसरा शर्ट नव्हता. इतकी वर्षं एक ठेवून एक न्यायचा, हा हिशोब आता संपला होता. म्हातारी तिथेच उभी राहिली होती, इस्त्री होईपर्यंत थांबायला. इस्त्रीवालीनं तिला आत बोलावलं, ती आली नाही. शेवटी तिनं कोळसे फुलवले, आणि त्या शर्टावर इस्त्री फिरवली ती आजवर लेकीच्या कपड्यांवरही फिरवली नव्हती इतक्या हलक्या हातानं. म्हातारी शर्ट घेऊन गेली.

"तो दोन शर्टवाल्याचा ना?" लेक आतून म्हणाली. "मग तो फाटलेला कुठे गेला, निळ्या रेघांचा?"

इस्त्रीवालीनं इस्त्री बाजूला ठेवली.

"बसलीयेस त्याच्यावर," ती म्हणाली.

लेक ताडकन उठून उभी राहिली.